पंगत, पोती आणि हिशेबवही : विद्यार्थ्यांतील नेतृत्वाची घडण

शाळा-महाविद्यालयांत ‘नेतृत्व’ हा शब्द बहुधा पारितोषिक वितरणाच्या समारंभातच ऐकू येतो. वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलेला, वर्गाचा प्रतिनिधी म्हणून निवडून आलेला, पाहुण्यांना हार घालण्यासाठी व्यासपीठावर बोलावला जाणारा विद्यार्थी हा पुढारी, अशी एक समजूत रूढ झाली आहे. खेड्यातील माणसाची कसोटी मात्र वेगळी असते. लग्नघरी हजार पानांची पंगत कोणावर सोपवावयाची, यात्रेच्या वर्गणीचा पैसा कोणाकडे ठेवावयाचा, रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याला न्यावयाचे तर कोणाचे दार ठोठवावयाचे, हे गावाला नेमके ठाऊक असते. त्या माणसाने एकही भाषण केलेले नसते. गावाने त्याला काम करताना पाहिलेले असते, एवढेच.

विद्यार्थ्याच्या अंगी हे दुसऱ्या प्रकारचे नेतृत्व कसे येते, त्यासाठी शिक्षणसंस्थेला आणि गावाला काय करता येईल, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. त्याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात शोधले गेले आणि ते आजही अभ्यासण्याजोगे आहे.

साताऱ्याचा प्रयोग

कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. रूढ अर्थाने ते यशस्वी विद्यार्थी नव्हते. मॅट्रिकचा टप्पाही त्यांनी ओलांडला नाही. तथापि त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग पुढील सर्व कार्याचे मूळ समजावा लागेल. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने त्या नगरीत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती, त्यांतील हे एक. भाऊराव त्या समारंभास गेले. परत आल्यावर, ते ज्या वसतिगृहात राहत होते तेथील रिवाजाप्रमाणे त्यांनी शुद्धीसाठी स्नान करावे, असा आग्रह धरण्यात आला. त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले.

मूल्यशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत समतेवर अनेक धडे असतात. परंतु एक घागर पाणी अंगावर ओतून घेतले असते तर राहण्याची व जेवण्याची सोय शाबूत राहिली असती, आणि तरीही ते पाणी नाकारावयाचे, हा निर्णय घेताना त्या विद्यार्थ्याला मूल्याची किंमत प्रत्यक्ष मोजावी लागली. किंमत मोजण्याची वेळ येईपर्यंत मूल्य हे केवळ मत असते. विद्यार्थ्यांना समता, सचोटी, श्रमप्रतिष्ठा यांची मते देणे अवघड नाही. त्या मतांसाठी थोडीशी तरी गैरसोय पत्करण्याचा प्रसंग त्यांच्या वाट्यास येईल अशी रचना करणे अवघड आहे. भाऊरावांनी पुढे आयुष्यभर हीच रचना केली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले व तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू करण्यात आले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. धनिणीच्या बागेतील या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा घरांतील मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीला बसत. आज हे वाक्य सहज लिहून होते. त्या काळी ज्या मुलांच्या गावात पाणवठेदेखील वेगळे होते, त्यांच्या आईबापांनी मुलगा या पंगतीत बसविण्यास संमती देणे, ही केवढी मोठी उडी होती याची कल्पना करावी.

या बोर्डिंगात नोकरचाकरांची फौज नव्हती. झाडलोट, पाणी भरणे, भाजीपाला पिकविणे, शेतात राबणे, स्वयंपाकाला हात लावणे ही कामे मुलांच्याच वाट्याला येत. त्यामागे काटकसरीचा हेतू होता हे उघड आहे. संस्थेजवळ पैसा नव्हताच. परंतु काटकसरीतून जे निष्पन्न झाले ते काटकसरीपेक्षा मोठे होते. ज्या मुलाने स्वतः पाणी आणले आहे तो पाणी सांडणाऱ्याला हटकतो. ज्याने चुलीपुढे बसून भाकऱ्या भाजल्या आहेत त्याला भाकरी कोणत्या जातीच्या हाताची, हा प्रश्न फार काळ सुचत नाही. पाळीने काम करावयाचे म्हटले की आज ज्याच्या हाताखाली राबावयाचे तो उद्या आपल्या हाताखाली येणार असतो, आणि म्हणून हुकूम कोणत्या आवाजात सोडावा, हे मूल आपोआप शिकते.

संस्थेसाठी घरोघरच्या स्त्रियांकडून मूठमूठ धान्य गोळा केले जाई, हाच मुष्टिफंड. रोजच्या दळणातून एक मूठ बाजूला काढणाऱ्या त्या बाया स्वतः सुखवस्तू नव्हत्या. त्या धान्यावर वाढलेल्या मुलाला आपण कोणाचे देणे लागतो हे वेगळे सांगावे लागत नसे. येथे सौ. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांचा उल्लेख केल्याविना पुढे जाता येणार नाही. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या या बाईंनी सर्व जातींच्या मुलांना पोटाशी धरले, बोर्डिंगात धान्य नसेल तेव्हा अंगावरचा एकेक दागिना विकला आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्यांचे निधन झाले. नेतृत्वाच्या चर्चेत अशा व्यक्तींचे नाव क्वचितच घेतले जाते. पण बोर्डिंग टिकले ते भाऊरावांच्या कर्तृत्वाइतकेच या दागिन्यांवर टिकले.

पुढे ‘कमवा आणि शिका’ या सूत्राला संस्थात्मक रूप आले. १९३५ साली साताऱ्यास अध्यापक विद्यालय निघाले, १९४० साली महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत व वसतिगृहयुक्त हायस्कूल सुरू झाले, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. शेतात व बांधकामावर काम करून विद्यार्थी आपले शिक्षण आपण मिळवू लागले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य आणि वटवृक्ष हे तिचे चिन्ह महाराष्ट्रातील बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. शाहू बोर्डिंगात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यासारखी मोठी नावे सांगता येतात. परंतु या प्रयोगाचे खरे फळ गावोगावच्या प्राथमिक शिक्षकांत, सोसायटीच्या चिटणिसांत व पंचायतीच्या सदस्यांत शोधले पाहिजे. बोर्डिंगातून बाहेर पडलेली ही माणसे आपापल्या गावी गेली आणि तेथे त्यांनी शाळा काढल्या, हिशेब नीट ठेवले.

सक्तीची सेवा की ऐच्छिक सेवा ?

वसतिगृहाचा प्रयोग कितीही यशस्वी झाला तरी सर्वच विद्यार्थी वसतिगृहात राहत नाहीत. स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्न असा होता की घरून महाविद्यालयात ये-जा करणाऱ्या लक्षावधी विद्यार्थ्यांना असा अनुभव कसा द्यावा. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने (१९४८-४९) विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेचा विचार मांडला होता. १९५९ साली डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या समितीने त्याहून पुढचे पाऊल टाकले. शालेय शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीने करावी, अशी ती शिफारस होती. खर्चाचा व व्यवस्थेचा आकडा पाहता ती अमलात येणे शक्य झाले नाही. त्यानंतर प्रा. के. जी. सैयदैन यांनी अन्य देशांतील युवकसेवेच्या योजनांचा अभ्यास केला आणि अशी सेवा ऐच्छिक असावी, असे १९६० साली सुचविले. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची जोड असावी, असे मत दिले.

हा मतभेद केवळ ऐतिहासिक नाही. सक्ती केली तर सर्व विद्यार्थी गावात येतात, पण त्यांतील निम्मे घड्याळाकडे पाहत कुदळ मारतात. ऐच्छिक ठेवले तर मनापासून येणारे येतात. मात्र ज्यांना या अनुभवाची सर्वांत जास्त गरज आहे ती सुखवस्तू व अलिप्त मुले घरीच राहतात. अलीकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा उपक्रमांना श्रेयांक देण्याची पद्धत येत आहे. त्यामुळे संख्या वाढेल यात शंका नाही. परंतु सक्ती मागच्या दाराने शिरणार नाही, याची काळजी कार्यक्रम अधिकाऱ्यांनाच घ्यावी लागेल. गुणांसाठी आलेला विद्यार्थी हा दोषी नव्हे. तो पहिल्या दिवशी गुणांसाठी आलेला असला तरी सातव्या दिवशी कशासाठी थांबला आहे, हे पाहावयास हवे.

अखेर गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तेव्हा तीत ४०,००० विद्यार्थी होते. कोणार्कच्या सूर्यमंदिराचे रथचक्र हे या योजनेचे चिन्ह आहे. त्यातील आठ आरे दिवसाच्या आठ प्रहरांचे द्योतक मानले जातात. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर असा तिचा आराखडा आहे.

महाराष्ट्रात या योजनेची पहिली मोठी कसोटी दुष्काळाने घेतली. १९७२ च्या अवर्षणात लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या व पाझर तलावाच्या कामांवर उभी होती. पुढे ज्या रोजगार हमी योजनेचा कायदा झाला तिची मुळे त्याच काळातली. १९७३ साली देशभरातील विशेष शिबिरांसाठी ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा विषय ठरविण्यात आला. याच सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमटे यांच्या श्रमसंस्कार छावण्यांनीही महाराष्ट्रातील तरुणांना खेचून घेतले होते. मे महिन्याच्या उन्हात शहरी मुले तेथे हौसेने घाम गाळण्यास जात, हे आज सांगूनही कित्येकांना खरे वाटत नाही.

सात दिवसांत काय घडते ?

दत्तक गावात शिबिर आले म्हणजे शाळेच्या वर्गखोल्यांत सतरंज्या पसरल्या जातात, व्हरांड्यात कोठी लागते, पहाटे प्रार्थना आणि रात्री समाजमंदिरात कार्यक्रम होतात. पाहणाऱ्याला ही एक सहल वाटण्याचा संभव आहे. खरी घडण होते ती कामाच्या जागी.

वनराई बंधाऱ्याचेच उदाहरण घेता येईल. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे हे नाव सर्वत्र रूढ झाले. पावसाळा संपल्यावर, ओढ्याचे पाणी अद्याप वाहते आहे तोवर, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरून ती ओढ्यात आडवी रचावयाची. तंत्र साधे आहे. पोते अगदी काठोकाठ भरावयाचे नाही, नाहीतर ते शिवता येत नाही व दुसऱ्या पोत्यावर नीट बसतही नाही. दाभणाने तोंड शिवून पोती विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड करून लावावयाची. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक, म्हणून बांध तळाशी रुंद व वर निमुळता ठेवावयाचा. मधल्या फटी चिखलाने लिंपून घ्यावयाच्या.

या कामात एकट्याचा पराक्रम चालत नाही. भरणारे, शिवणारे, वाहणारे आणि रचणारे अशी साखळी लागते. भरणाऱ्यांनी घाई केली तर शिवणाऱ्यांपुढे ढीग साचतो. रचणारे रेंगाळले तर गार पाण्यात उभे राहिलेल्या मुलांचे पाय बधिर होतात. दोन तासांत कोणीतरी उठून दोन गडी इकडून काढून तिकडे लावतो. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते. तो बहुधा गटप्रमुखही नसतो. पण त्याचे इतर ऐकतात, कारण तो स्वतः पाण्यात उभा असतो. आणि संध्याकाळी बांधाच्या खालच्या अंगाला पाणी झिरपू लागले की कोणत्या थरात फट राहिली हे सर्वांना दिसते. अहवालात ‘काम समाधानकारक झाले’ असे लिहिता येते. ओढ्यापुढे ते चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चार थर उतरवून पुन्हा रचावे लागतात. हे उतरवणे हाच शिबिरातील सर्वांत मोलाचा तास असतो, आणि नेमका तोच तास वाचविण्यासाठी काही उत्साही कार्यक्रम अधिकारी रात्री गावातील मजुरांकडून काम उरकून घेतात. त्यांचा हेतू चांगला असतो. मुलांचे मात्र नुकसान होते.

डोंगरउतारावर समपातळी चर आखण्याचे काम याहून वेगळा धडा देते. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधून, मध्ये आडवी काठी देऊन ‘ए’ अक्षरासारखी चौकट करतात. शेंड्यातून दगड बांधलेली दोरी ओळंब्यासारखी सोडतात. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की चौकटीचे दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावयाचे, तेथे खूण करावयाची आणि चौकट फिरवून पुढचे ठिकाण शोधावयाचे. वर्गात पहिला येणारा विद्यार्थी येथे अनेकदा गोंधळतो. शेतकऱ्याच्या घरातील, वर्गात मागच्या बाकावर बसणारी मुलगी मात्र पाणी कोठून वाहणार हे जमिनीकडे पाहून सांगते. दोन दिवस हे चालले की वर्गातील क्रमवारी उलटीपालटी होते. हुशार मुलाला प्रथमच ‘मला येत नाही, दाखव’ असे म्हणावे लागते, आणि त्या मुलीला प्रथमच कळते की आपले ज्ञान हे ज्ञान आहे. दोघांचीही वाढ झाली. त्यांपैकी कोणाची अधिक झाली हे ठरविणे कठीण आहे.

शिबिराची कोठी हे दुर्लक्षित राहिलेले विद्यापीठ आहे. किती माणसांना किती शिधा लागेल, आज भाजी उरली तर उद्या काय करावयाचे, गावकऱ्यांनी दिलेले दूध व जळण कोणत्या वहीत कसे नोंदवावयाचे, हे ज्या विद्यार्थ्याने सात दिवस सांभाळले त्याला सार्वजनिक पैशाविषयी वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. काही कार्यक्रम अधिकारी रोजचा जमाखर्च रात्री फळ्यावर लिहवून घेतात. ही पद्धत सर्वत्र सुरू झाली पाहिजे. चाळीस रुपयांचा हिशेब जुळत नाही म्हणून साठ मुलांसमोर उभे राहण्याचा प्रसंग विसाव्या वर्षी आला, तर पुढे चाळीस हजारांची पावती मागताना त्या माणसाला संकोच वाटणार नाही.

उणिवांची बाजू

या सर्व चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून उपयोग नाही. दत्तक गाव निवडताना ते डांबरी सडकेवर आहे की नाही, हे प्रथम पाहिले जाते. त्यामुळे त्याच त्या गावांत वर्षानुवर्षे शिबिरे होतात आणि आतल्या वाड्या-वस्त्यांना शिबिर म्हणजे काय ते ठाऊक नसते. उद्घाटन व समारोप या दोन कार्यक्रमांत सातांपैकी दोन दिवस जातात. पाहुण्यांच्या स्वागताला जितकी मुले राबतात तितकी चरावर राबत नाहीत. मुलांनी कुदळ मारावयाची आणि मुलींनी कोठी सांभाळावयाची, अशी वाटणी अजूनही पुष्कळ ठिकाणी न सांगता होऊन जाते. ज्या शिबिरातून समतेचे पथनाट्य गावाला दाखवायचे आहे, त्या शिबिरात तरी ही वाटणी मोडावयास नको काय ? पंगतीबाबतही असेच म्हणावे लागेल. गावातील सर्व वस्त्यांतून शिधा आला का, सर्व वस्त्यांतील मुले रात्रीच्या कार्यक्रमाला पुढच्या सतरंजीवर बसली का, हे शिबिरप्रमुखाने डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याच्या बोर्डिंगाने जो प्रश्न सोडविला तो काही गावांत आजही वेगळ्या वेशात उभा आहे.

काम टिकण्याचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. सांडपाण्यासाठी घराशेजारी शोषखड्डे खणले जातात. लांबी, रुंदी, खोली सुमारे एकेक मीटर, तळाशी मोठे दगड, वर क्रमाने लहान दगड व खडी, आणि शेवटी तळाला भोके पाडलेले मडके. पाण्यातील केरकचरा अडकावा म्हणून मडक्यात नारळाच्या शेंड्या किंवा गवत घालतात व ते वरचेवर बदलावे लागते. ते बदलावयाचे हे घरच्या बाईला कोणीच सांगत नाही, कारण मुलांनी खड्डा खणला तेव्हा ती शेतावर गेलेली असते. दोन महिन्यांत खड्डा तुंबतो आणि पुढच्या वर्षी नव्या तुकडीला गावकरी हसून सांगतात, ‘तुमचे खड्डे पाहा.’ ज्या तुकडीने मागील वर्षीचे तुंबलेले खड्डे आधी साफ केले आणि मग नवे खणले, अशी तुकडी विरळाच. जबाबदारी या शब्दाचा अर्थ शिकण्यासाठी त्याहून चांगले साधन मात्र दुसरे नाही.

गटप्रमुख नेमतानाही चूक होते. शिक्षकांच्या नजरेत भरतो तो बोलका विद्यार्थी. त्याला पहिल्या दिवशी शिट्टी मिळते व ती सातव्या दिवसापर्यंत त्याच्याच गळ्यात राहते. त्याऐवजी रोज नवा गटप्रमुख ठेवला तर कामाचा वेग थोडा घटेल, गोंधळही होईल, परंतु सात जणांना जबाबदारीचा भार कळेल. विशेष म्हणजे आदल्या दिवशीच्या गटप्रमुखाला दुसऱ्या दिवशी घमेले उचलावे लागेल. हुकूम देण्याची सवय लवकर लागते. ती सोडण्याची सवय मुद्दाम लावावी लागते, आणि आपल्या सार्वजनिक जीवनात तिचा किती तुटवडा आहे हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको.

ग्रामपंचायतीचा वाटा

शिबिर म्हणजे महाविद्यालयाचा कार्यक्रम, आपण केवळ जागा व पाणी द्यावयाचे, अशी अनेक ग्रामपंचायतींची समजूत असते. काही गावे याच्या उलट मुलांना पाहुण्यांसारखी वागवितात व रोज गोडधोड घालून कामाचे तास कमी करतात. दोन्ही गोष्टी टाळण्याजोग्या आहेत. गावाने मुलांना खरे, अडलेले काम द्यावे. ते काम कोणा एकाच्या शेताच्या सोयीचे नसावे, दोन भावकींच्या वादातील रस्त्याचे तर नसावेच. ओढ्यावरील बंधाऱ्याची जागा कृषी खात्याच्या किंवा जलसंधारणाच्या जाणकार कर्मचाऱ्याला आधी दाखवून घ्यावी. पोती, पहारी, टिकाव, घमेली शिबिराच्या पहिल्या सकाळी शोधण्याची वेळ येऊ नये. मुलींच्या निवासाजवळ स्वच्छतागृह व रात्रीचा उजेड असावा. ही बाब शेवटी सुचणारी नव्हे, गाव निवडतानाच पाहण्याची आहे. आणि कामाच्या जागी मुलांबरोबर गावातील दहा-वीस माणसे रोज उतरली पाहिजेत. गावचा तरुण बांधावर बसून शहरातल्या मुलांचे फोटो काढतो आहे, हे दृश्य शिबिर फसल्याची खूण समजावी.

यासाठी फार मोठ्या तजविजीची गरज नाही. शिबिरे सामान्यतः हिवाळ्यात होतात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शिबिराचा विषय घेऊन, सर्व वस्त्यांतील माणसांच्या समक्ष कामे ठरवून त्यांची यादी महाविद्यालयाला पाठविली, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना विद्यार्थ्यांचा एक लहान गट आधी गावात धाडून पाहणी करावयास पुरेसा अवधी मिळतो. शिबिर संपताना कोणते काम पुरे झाले, कोणते अर्धे राहिले, शोषखड्डे कोणाच्या घरी झाले व त्यांची निगा कोण राखणार, याची नोंद विद्यार्थ्यांनीच आपल्या हस्ताक्षरात करून पंचायतीच्या हवाली करावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ती नोंद वाचून दाखविण्यासाठी त्या तुकडीतील दोन विद्यार्थ्यांना पुन्हा गावात बोलवावे. अर्ध्या राहिलेल्या कामाविषयी गावकरी प्रश्न विचारतील, काही प्रश्न टोचणारेही असतील, आणि त्यांची उत्तरे त्या दोघांनी उभे राहून द्यावीत. एसटीचे भाडे ग्रामपंचायतीने द्यावे.